प्रार्थनेत घेतलेलं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यापाशी मी मन मोकळं करतो असं सगळ्यांना वाटतं त्या जुन्या मित्रालाही नाही. आणि देवाला — देवाला सांगितलं का, हेही मला नक्की सांगता येत नाही. त्याच्यापुढे हा विषय काढायचा म्हणून बसतो आणि दुसरंच काही बोलून उठतो.

तुम्ही म्हणाल, हा पाळक माणूस, दर रविवारी लोकांना पाप कबूल करायला सांगतो, आणि स्वतः? पण आम्हा पाळकांची एक युक्ती असते. व्यासपीठावरून आम्हीही कबुल्या देतो, पण निवडून. परवा सिग्नलला एका रिक्षावाल्यावर ओरडलो हो, देवाने मला माफ करावं — असलं काहीतरी. लोक हसतात. त्यांना बरं वाटतं, की पाळक आपल्यातलाच आहे. मलाही बरं वाटतं. आज सांगतोय ती गोष्ट तसली नाही, म्हणून जरा अडखळेन. सांभाळून घ्या.

मी मूळचा खानापूरकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे बंगळुरातल्या मराठी मंडळीला मी सोयीचा वाटलो आणि इथलाच होऊन गेलो. आमची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समुदाय, लहान आहे. स्वतःची इमारत नाही. बसवनगुडीच्या बाजूला एका कन्नड चर्चमध्ये त्यांची सकाळची उपासना आटोपली की दुपारी आम्ही बसतो. निम्मे लोक पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेले, मला पाळकसाहेब म्हणणारे. उरलेले पुण्या-नागपुराकडून नोकरीसाठी आलेले तरुण, ते पास्टर म्हणतात. दोघांनाही मी आपला वाटायचो. निदान मला तसं वाटायचं.

करुणा नागपूरची. इथे बंगळुरात हेब्बाळच्या एका कंपनीतली चांगली नोकरी सोडून तिने धर्मशिक्षण घेतलं आणि आमच्याकडे सहायक म्हणून आली. तिशीची असेल. तिला घ्यावं हा आग्रह माझाच होता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून तिच्या वाईटावर होतो. नव्हतो. मला ती मुलगी मनापासून आवडली होती.

मग बिघडलं कुठे? ती माझ्यापेक्षा चांगला उपदेश करायची का? मुळीच नाही. व्यासपीठावर ती चाचपडायची, टिपणं खाली पाडायची, शेवट कुठे करावा हे तिला कळायचं नाही. तिथे मी निर्धास्त होतो. तिचा उपदेश झाला की मी मोठ्या मनाने पाठ थोपटायचो. पण उपासनेनंतर आम्ही चर्चच्या आवारात झाडाखाली चहा घेतो. आधी त्या चहाच्या वेळी लोक माझ्याभोवती असायचे. हळूहळू ते तिच्याकडे सरकले. ती काही विशेष करायची नाही हो. ऐकायची. समोरचा थांबला तरी थांबायची. कुणी रडवेलं झालं तर खांद्यावर हात ठेवून 'बोला ना' एवढंच म्हणायची. मी चहाचा कप हातात धरून कुणाशीतरी पावसापाण्याचं बोलत असायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असायचो — आज तिच्यापाशी कोण उभं आहे?

व्यासपीठावर याला मी मत्सर म्हणतो. भारदस्त शब्द आहे, लांबून बोलता येतं. घरात त्याला जळणं म्हणतात. मी जळत होतो. एखाद्या रविवारी ती तापाने आली नाही तर मला उत्साह वाटायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा.

वरून गंमत अशी, की तिला घडवण्याची जबाबदारी माझ्यावरच होती. आमच्याकडे नवीन सेवकाला ज्येष्ठाच्या हाताखाली ठेवतात. नुसतं काम शिकवायला नाही. त्याचं मन कसं आहे, कुठे थकतंय, हे बघायला. त्यासाठी मी एक प्रशिक्षणही घेतलं होतं. गुरुवारी सकाळी आम्ही दोघं चर्चजवळच्या दर्शिनीत भेटायचो. उभ्याने खायचं छोटं हॉटेल, तसली इथे गल्लोगल्ली आहेत. तिथे वन बाय टू मागायचं, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी. पहिल्याच गुरुवारी मी प्रशिक्षणात शिकलेलं वाक्य तिला म्हणून दाखवलं होतं, 'इथलं बोलणं इथेच राहील.' तिने ते खरं मानलं. का मानू नये?

तिची आई गेली त्याला काही महिने झाले होते. एका गुरुवारी कॉफी तशीच ठेवून ती म्हणाली, 'पास्टर, मला प्रार्थना जमतच नाही हो. लोकांसाठी करते तेव्हा शब्द येतात. एकटी बसली की काहीच नाही. कोणी ऐकून राहिलं असं वाटतच नाही.'

असं बोलायला किती धीर लागतो, हे ज्याने चर्चच्या पगारावर दिवस काढलेत त्यालाच कळेल. प्रार्थना करता न येणारा पाळक म्हणजे पोहता न येणारा नावाडी. लोक उतरून जातील. आणि मला, त्या क्षणी, काय वाटलं सांगू? काळजी वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या काळजीखाली आणखी एक काहीतरी हललं — थंड, सुखाचं. बरं झालं, वाटलं. म्हणजे ही पण पोकळच आहे. मग मी तिथेच, इडलीच्या ताटल्यांच्या खणखणाटात, डोळे मिटले आणि तिच्यासाठी छान प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर ती 'थँक यू' म्हणाली आणि गार कॉफी प्यायली. मी पुढे काही विचारलंही नाही.

यानंतरची गोष्ट माझ्या घरातली आहे. एका दुपारी हॉस्पिटलमधून घरच्या फोनवर निरोप आला, सुनीताबाईंचा रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा. सुनीता माझी बायको. मला कसलाच पत्ता नव्हता. संध्याकाळी विचारलं तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, की छातीत गाठ लागली होती, तपासणी करून घेतली, करुणा सोबत आली होती. रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी निघाली.

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. सुनीता पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, 'तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच डोळे मिटून प्रार्थना केली असती. मला आधी थोडं रडायचं होतं.'

माणसाने अशा वेळी काय करावं? बायको वाचली म्हणून गुडघे टेकावेत. मी तिला जवळ घेतलं, देवाचे आभार मानले, सगळं रीतसर केलं. पण आत एकच वाक्य फिरत होतं — करुणाला माहीत होतं. ती त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्यासमोर उभी होती, माझ्याच कॉफीतली अर्धी कॉफी प्यायली, आणि माझ्या बायकोबद्दल अवाक्षर बोलली नाही. मला त्याचा भयंकर राग आला. तिने मी शिकवलेलंच केलं होतं. इथलं इथे, तिथलं तिथे. माझ्या घरातलं गुपित तिने माझ्यापासूनही जपलं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मंडळीतले लोक गेले, ठीक आहे. पण माझं घरही?

मी सुनीतावर रागावलो नाही. सगळा राग करुणाच्या खात्यावर टाकला.

त्याच सुमारास हेब्बाळचा विषय निघाला. शहराच्या त्या टोकाला आमच्या मंडळीतली बरीच तरुण कुटुंबं राहत होती. रविवारी बसवनगुडीपर्यंत यायचं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस रस्त्यात जायचा. करुणा त्यांना तिकडेच एका घरी जमवायची. ती बैठक वाढली. ही वेगळी मंडळी करावी, करुणाला पाळकपदाची दीक्षा द्यावी आणि तिच्याकडे ती सोपवावी, असं त्या लोकांनी लेखी मागितलं. तिचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीकडे चाललं होतं. नोकरी सोडली ती यासाठी. आई जाण्याआधी म्हणायची, तुला पाळकाच्या झग्यात बघायचंय मला. हेही तिनेच मला गुरुवारी सांगितलं होतं.

ठरवणार होती पंच कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे आमचे वडीलधारे. त्यांत दावीदअण्णा सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या आजोबांपासून घराणं बंगळुरात. अण्णांचा कल करुणाकडे होता, आणि अण्णा जिकडे तिकडे बाकीचे. म्हणजे गोष्ट जवळजवळ झालीच होती. मी फक्त तिचा मार्गदर्शक म्हणून दोन चांगले शब्द बोलायचे होते.

आता आमची एक पद्धत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कमिटीची सभा पाळकाच्या प्रार्थनेने सुरू होते. ज्याचा विषय आहे तो माणूस प्रार्थनेला हजर असतो, मग चर्चेसाठी बाहेर जाऊन बसतो. आणि प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. सभेत मी काही म्हटलं असतं तर कुणी विचारलं असतं — हे तुम्हाला कसं कळलं? तिने सांगितलं का? मग तुम्ही इथे कसं बोलता? प्रार्थनेत कुणी असं विचारत नाही. सगळे डोळे मिटून बसतात आणि शेवटी आमेन म्हणतात. आमच्यात माणसाची बदनामी करायची असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची, हे आम्ही आपसात विनोदाने म्हणतोही.

मी उभा राहिलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हणालो, 'हे दयाळू पित्या, तुझी दासी करुणा हिला आम्ही तुझ्या हाती देतो. आई गेल्यापासून तिच्या प्रार्थनेचा झरा आटला आहे, हे तू जाणतोस. एकांतात तुझ्याशी बोलणं तिला जमेनासं झालं आहे, तू ऐकतोस यावर तिचं मन बसत नाही, हेही तू जाणतोस. तिचा विश्वास पुन्हा उभा कर. आणि तोवर तिला पेलणार नाही असं ओझं तिच्यावर पडू देऊ नकोस.'

तू जाणतोस, तू जाणतोस. देव जाणत होता, कमिटी जाणत नव्हती. मी कुणाला सांगत होतो?

ते शब्द ओघात आले असं म्हणून सुटता आलं असतं. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो, की पवित्र जागी उभा राहिलो आणि तिच्या काळजीने भरून आलं. खरं असं आहे, की त्या सकाळी दाढी करताना मी ती प्रार्थना आरशासमोर मनात म्हणून पाहिली होती. झरा हा शब्द बदलून पाहिला होता. दुसरा शब्द बरा दिसेना म्हणून तोच ठेवला.

आणि मध्येच मी डोळे उघडले. का उघडले? बघायचं होतं मला, लागलं का. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. करुणाचे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता त्या नजरेत, विनवणीही नव्हती. ती माझं ऐकत होती, त्या झाडाखाली सगळ्यांचं ऐकायची तशी, मी संपायची वाट बघत. मी पटकन डोळे मिटले आणि प्रार्थना लांबवली.

शेवटी सगळे आमेन म्हणाले. त्यांचं म्हणून झालं, आणि मग, मागून, एकटीचा, करुणाचा आवाज आला. आमेन. तसंच होवो. ती उठली, खुर्ची सरळ केली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

चर्चा फार झालीच नाही. दावीदअण्णा बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, 'पाळकसाहेब, स्वल्प थांबू या की. पोरीचं मन ताळ्यावर येऊ दे. घाई कशाला?' बाकीच्यांनी कन्नडमध्ये सरी, सरी म्हणत होकार भरला. आणि मी — इथे मी काय केलं ते ऐका — मी तिची बाजू घेतली. मुलगी गुणी आहे, म्हणालो, एवढ्यावरून तिच्याबद्दल मत करून घेऊ नका. इतका मोठ्या मनाचा पाळक मिळाला म्हणून त्यांना भरून आलं. पुण्याहून एक निवृत्त पाळक हेब्बाळसाठी बोलवायचं ठरलं. व्हरांड्यात जाऊन तिला तो निर्णय सांगायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

पुढच्या गुरुवारी ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती आली. नेहमीसारखी वन बाय टू मागितली, माझा पेला माझ्यापुढे सरकवला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, 'पास्टर, तुम्ही मला विचारलं असतं ना, तर मीच सांगितलं असतं त्यांना. मी तेच सांगायला आली होती त्या दिवशी.'

तिने ते कमिटीपुढे स्वतः सांगायचं ठरवलं होतं. आणि मला खात्री आहे, तिने सांगितलं असतं तर अण्णा रडले असते आणि तिला दीक्षा मिळाली असती. तीच गोष्ट तिच्या तोंडून साक्ष झाली असती. माझ्या तोंडून ती आरोप झाली. मी काय उत्तर दिलं? 'मी तुझ्या भल्यासाठी प्रार्थना केली,' असं म्हणालो. तिने मान हलवली, पेला खाली ठेवला. महिनाअखेर तिचा राजीनामा आला. ती पुन्हा हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरीला लागली. ती घरातली बैठक पुढे काही महिन्यांत मोडली. निवृत्त पाळकांचं आणि त्या पोरांचं जमलं नाही. ती कुटुंबं आता कुठल्या चर्चला जातात, जातात की नाही, मला माहीत नाही.

सुनीताने विचारलं, करुणा का गेली हो अशी अचानक — मलाच विचारलं, पण असं, भिंतीला विचारावं तसं. मी म्हणालो, पगार चांगला मिळाला असेल. सुनीताने मान डोलावली. दोघींची अजून भेट होते, फोन होतात. करुणाने तिला काही सांगितलेलं नाही. हे मला कसं कळतं? सुनीता अजून माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, त्यावरून. म्हणजे आमच्या घरातली आता दोन गुपितं करुणापाशी आहेत, आणि दोन्ही तिने सांभाळली आहेत.

आणि मी? मी पुढे गेलो. नवीन सेवकांना घडवणारा म्हणून माझं नाव झालं. निरनिराळ्या मंडळ्यांचे पाळक, त्यांच्या ऑफिसातली माणसं, संडे स्कूलच्या शिक्षिका, गायनाचे पुढारी यांच्यासाठी मी कोरमंगलाच्या एका सभागृहात शिबिरं घेतो. स्वतःला ओळखा, मग दुसऱ्याला घडवा, असा विषय असतो. त्यात मी प्रत्येकाला आपल्या शेजारी बसलेल्याला एक गोष्ट सांगायला लावतो: तुम्हाला कुणाचा हेवा वाटला? सगळ्यांत आधी मीच सांगतो, म्हणजे त्यांचा संकोच जातो. कॉलेजातल्या एका सुरेल आवाजाच्या मित्राचं नाव घेतो. लोक हसतात.

गेल्या शिबिरात एका चर्चच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईंनी हात वर केला. विचारलं, 'सर, आपण पाळकांना विश्वासाने सांगितलेलं त्यांनी प्रार्थनेत सगळ्यांपुढे बोलून टाकलं, तर काय करायचं?' सभागृहात हशा पिकला. प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मीही हसलो. त्या बाई हसत नव्हत्या. मग मी गंभीर चेहरा केला, पुढे झुकलो, आणि त्यांना म्हणालो, 'ताई, क्षमा करा. मोकळं व्हाल.'

त्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. घरी परतताना ते माझं वाक्य माझ्याच कानात वाजत राहिलं, आणि म्हणून आज हे सगळं लिहितोय. करुणाला मी अजून काही बोललेलो नाही. तिला फोन करायला मला कुणी अडवलेलं नाही. गेल्या महिन्यात सुनीताच्या फोनवर तिचा आवाज ऐकला, पलीकडून ती काहीतरी सांगून हसत होती, आणि तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की सुनीता माझ्याशी बोलताना असं का हसत नाही. म्हणजे ते अजून गेलेलं नाही. जळणं.

मी ते प्रेमाने केलं नाही. काळजीने केलं नाही. तिला खाली आणायचं होतं म्हणून केलं, आणि देवाचं नाव घेऊन केलं, म्हणजे कुणाला बोट ठेवता येऊ नये.

आमच्यात असं काही सांगून झालं, की शेवटी म्हणतात, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी ते म्हणत नाही.